साठ पावलांसाठी चोवीसचा आकडा

मामा, परवा तुमच्या दहाव्याला नदीच्या घाटावर लोक मला हसले. तुम्ही फोटोत होतात, गळ्यात हार होता, पण ते हसू तुमचंच होतं. तुम्हीच पेरून गेलात.

प्रवचन झालं आणि माईक एकेकाच्या हातात फिरायला लागला. कोणी तुमच्या शिस्तीचं बोललं, कोणी तुमच्या फेट्याचं. मग सोसायटीचे जुने चेअरमन उभे राहिले. "तात्यांनी बंदुकीचा घोडा वढला आन डुक्कर जितं गेलं, आसं कदी झालं न्हाई. येकदाच झालं. आन ते बी का? तर तात्यांच्या सूनबाईनं भिऊन नळीला हात घातला!" दहाव्याला कोणी हसत नाही. पण बाप्यांकडून हसू आलं आणि मग बायकांकडून आलं. माझ्या शेजारी म्हातारी कडूबाई बसली होती, आमच्या बांधावरनं शेळीला गवत नेणारी. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "बघ गं, मेल्यावर बी तुला सोडंनात."

माझा डावा कान तेव्हापासून मंद आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. उजव्या कानानं मी सगळं ऐकलं.

मी रडले नाही. बायकांनी बघितलं आणि आपसांत कुजबुजल्या. सासरा गेल्यावर सुनेनं रडायचं असतं, मलाही कळतं. पण डोळ्यांत पाणी येईना. तुम्ही शेवटचे वीस दिवस खाटेवर होतात. मी रोज तुम्हाला पेज भरवली, अंग पुसलं, कूस बदलली. रोज वाटायचं, आज खरं काय ते म्हणतील. मला एकटीला म्हणाला असतात तरी चाललं असतं. शेवटी तुम्ही मला जवळ बोलावलंत. मी कान तोंडाशी नेला, उजवा. तुम्ही म्हणालात, "दुर्बीण पुसून ठेव. काचंला भुरा धरंल."

म्हणून आता मी बोलते. चौथी शिकलेली बाई आहे, चार माणसांत तोंड उघडत नाही, हे तुम्ही सगळ्यांना सांगत होतात. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत. तिथं बोलते. इथं तुम्ही मला गप म्हणू शकत नाही.

आधी दुर्बिणीचं.

तुमच्या रायफलीवर पहिली दुर्बीण होती ती चारची, लांबचं चारपट जवळ दाखवणारी. तिच्यात फिरवायला काही नव्हतं, चार म्हणजे चार. तिच्यातूनच तुम्ही वनखात्याचा परवाना काढून उसातली डुकरं मारलीत, वर्षाला एखाद-दुसरं, आणि गावात नाव कमावलंत. मग तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पडायला लागला. तुम्ही मान्य केला नाहीत. तो मला कळला परवान्याच्या कागदावरून. दर वर्षी तो कागद तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचायचात. त्या वर्षी माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "चष्मा घरी ऱ्हायलाय, वाच." चष्मा तुमच्या बंडीच्या खिशात होता. मला दांडी दिसत होती. मी वाचला, अडखळत, जोडाक्षरं फोडत. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "सावकाश वाच. डुक्कर कुटं पळून चाललंय?"

एवढं खरं आहे, म्हणून लिहिते. वाचायची सवय मला तुमच्या त्या खोटेपणामुळं परत लागली.

मग तुम्ही शहरातून नवी दुर्बीण आणलीत. खोबऱ्याच्या गोळ्यांच्या डब्याएवढं तोंड, लांब नळकांडं, आणि मधल्या कड्यावर आकडे, सहापासून चोवीसपर्यंत. ओट्यावर माणसं जमली. तुमच्या लेकानं विचारलं, "तात्या, येवडा मोटा आकडा कशाला?"

तुम्ही म्हणालात, "चष्म्याचा नंबर वाडतो का न्हाई वयामानानं? तसाच दुर्बिनीचा वाडवायचा. दुकानदार बारा घ्या, नऊ घ्या म्हनत हुता. म्या म्हनलं, सगळ्यात मोटा दे. ह्यातनं डुकराच्या डोळ्यातलं चिपड दिसतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चष्म्यासारखाच दुर्बिणीचा नंबर. कोणालाच ते चुकीचं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, त्या दिवशी.

मला कळलं माळ्यावर, उसाच्या राखणीला उभारलेल्या मचाणावर. तुम्ही मला माळ्यावर नेलंत कारण तुमचा लेक संध्याकाळी दूध घालायला जायचा आणि तुम्हाला डोळे हवे होते. लोकांना सांगितलंत, सुनेला पाखरं हाकायला नेतो. वर बसल्यावर विचारायचात, "काय दिसतंय?" मी सांगायचे, उसाच्या तिसऱ्या सरीत पाचट हललं. पाण्याच्या चारीच्या कडेला मुंगूस आहे. बांधावर काही नाही. माझ्या आयुष्यात मला तोवर कोणी विचारलं नव्हतं की तुला काय दिसतं. माहेरी नाही, शाळेत नाही, तुमच्या लेकानं नाही. तुम्ही विचारलंत. मला ते आवडायचं, मामा. दिवसभर भांडी घासताना मी संध्याकाळची वाट बघायचे. हे कोणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही मला शिकवलंत की डुक्कर दिसायच्या आधी ऐकू येतं, ऊस कडाकड मोडताना. पिलं बरोबर असलेल्या मादीवर तुम्ही कधी बार टाकला नाहीत. नळी कधी घराकडं केली नाहीत. या गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्यामुळंच मला तुमचा जास्त राग येतो. माहीत नसलेल्या माणसानं चूक केली तर समजू शकते.

तुम्ही तंबाखू मळायला लागलात की रायफल उशाच्या पोत्यावर टेकलेली असायची. गोळी भरलेली नसायची तेव्हाच मी वाकून दुर्बिणीतून बघायचे. चोवीसवर उसाची कड बघितली तर कांद्याच्या पाटीएवढी जागा दिसायची, तीही थरथरत. श्वास घेतला की पाटी उडायची. ती जागा नेमकी कुठली, तेही कळत नव्हतं. कुठलंही पान, कुठलंही ढेकूळ. कडं मागं फिरवून सहावर आणलं की सगळी बैलगाडी मावेल एवढं दिसायचं, बांध, गवत, पाट, कोण कुठं आहे ते. आणि एक गोष्ट तुम्हाला दुकानदारानं सांगितली असेल तर तुम्ही ऐकली नसणार. सूर्य बुडाला की चोवीसवर अंधार व्हायचा. त्याच वेळी सहावर अजून उजेड असायचा. आकडा मोठा केला की दिवा बारीक केल्यासारखं व्हायचं. डुकरं येतात तीच वेळ.

मी माळ्यापासून उसाच्या कडेपर्यंत पावलं मोजली. साठ. चारीपर्यंत एकशे दहा. त्याच्या पलीकडं ऊसच उभा, पुढचं काही दिसतच नाही. साठ पावलांवरच्या जनावराला चोवीसचा आकडा कशाला लागतो? जुनी चारची पुरत होती. तिच्यातून तर बैलगाडी बैलांसकट दिसायची.

हे मी तुम्हाला बोलले नाही. मी कडं फिरवून ठेवायचे. तुम्ही वर चढायच्या आधी, शेला झटकल्याचं निमित्त करून, सहावर आणायचे. तुम्ही बसलात की बोटानं चाचपून परत चोवीसवर न्यायचात. एकदा म्हणालात, "ह्ये कडं आपोआप फिरतंय. ढिलं झालंय." मी खाली बघितलं. हिवाळ्यामागून हिवाळे आपलं भांडण चाललं होतं आणि तुम्हाला पत्ता नव्हता.

की होता?

आता त्या संध्याकाळचं. तीन वर्षं तुम्ही ती तुमच्या तोंडानं सांगितलीत. आज मी सांगते.

थंडी होती. सूर्य बुडून थोडा वेळ झाला होता. उसाच्या कडेला काहीतरी काळं हललं. मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं. काळी घोंगडी होती, डोक्यावरून खोळ घेतलेली. तिच्यातून एक हात बाहेर आला आणि विळा चमकला. कडूबाई आपल्या बांधाचं गवत कापत होती. तिची शेळी व्यायली होती आणि तिनं सकाळीच मला विचारलं होतं, "तुमच्या बांदाचं गवात नेऊ का गं?" मी हो म्हणाले होते. तुम्हाला सांगायची राहिले होते. ही माझी चूक. ती मी मान्य करते, तीन वर्षं रोज करते.

तुम्ही रायफलीचा दस्ता खांद्याला लावला. "हाय, हाय. दिसलं. काळं हाय. क्यास दिसत्यात."

घोंगडीचे केस, मामा.

मी म्हणाले, "मामा, थांबा." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही एवढा बारीक.

तुम्ही म्हणालात, "गप."

चार हिवाळे तुम्ही मला विचारलंत काय दिसतंय. पाखरू, मुंगूस, पाचट, सगळं विचारलंत. ज्या दिवशी विचारायला हवं होतं त्या दिवशी गप म्हणालात. तुमचं बोट घोड्यावर आवळताना मला दिसलं. मी नळीखाली हात घातला आणि वर उचलली. बार आभाळात गेला. चिंचेवरचे बगळे सगळे एकदम उठले. माझ्या डाव्या कानात जे वाजायला लागलं ते आठ दिवस थांबलं नाही.

आणि कडूबाई उभी राहिली. घोंगडी खांद्यावर घसरली, पांढरे केस दिसले. तुम्ही बघितलंत. दुर्बिणीतून नाही, नुसत्या डोळ्यांनी, मोतीबिंदूतूनसुद्धा बघितलंत. मला वाटलं आता तुम्ही खाली उतराल, तिच्याकडं जाल.

तुम्ही ओरडलात, "ए कडूबाई! डुक्कर गेलं बग तुज्या मागनं! उसात घुसलं! ह्या पोरीनं घालवलं, भेकडीनं, नळीलाच हात घातला!"

कडूबाईनं मागं वळून बघितलं. मग गवताचा भारा टाकून पळत सुटली. तुम्ही हसलात.

तिथं डुक्कर नव्हतं. ते तुम्ही तेवढ्या वेळात तयार केलंत. गोळी आभाळात जाऊन खाली पडायच्या आत तुम्ही ते डुक्कर जन्माला घातलंत आणि मला त्याची दोषी करून टाकलंत.

मग ते डुक्कर वाढत गेलं. पहिल्या वर्षी पारावर सांगताना ते पारड्याएवढं होतं. दुसऱ्या वर्षी त्याला सुळे आले, वीतभर. तिसऱ्या वर्षी रेड्याएवढं झालं. माझ्या मुलीला शाळेत पोरं विचारायची, "तुझ्या आईनं डुकराला राखी बांधलीय का?" ती घरी येऊन माझ्यावर चिडायची. तुम्ही ऐकून मिशीत हसायचात. आणि कडूबाई? ती रोज शेळीसाठी गवत न्यायला यायची, तुमच्या हातात चहाचा कप द्यायची आणि मला म्हणायची, "तुज्यापायी डुक्कर माज्या अंगावर आलं आस्तं गं, तात्या हुते म्हनून वाचले." तुम्ही तो चहा प्यायचात. फुंकर घालून, सावकाश.

मी का बोलले नाही? बोलले असते तर तुमचं लायसन गेलं असतं, ठाण्यात जावं लागलं असतं, घराची अब्रू गेली असती. हे एक. दुसरं हे की तुमच्यापुढं माझी जीभ वळत नव्हती. आणि तिसरं, मी वाट बघत होते. त्या संध्याकाळनंतर तुम्ही माळ्यावर पाय ठेवला नाहीत. महिन्याभरात डोळ्याचं ऑपरेशन करून आलात. लोकांना सांगितलंत, "सुनंनं हात लावला, तवापासनं मन उडालं." तुम्हाला माहीत होतं, मामा. माहीत नसतं तर तुम्ही परत चढला असतात. तुम्ही तुमच्या मनात स्वतःला शिक्षा केलीत आणि गावात मला. तुमची कोणाला दिसली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाचं कशाला काढतेस. काढते, कारण दहाव्यावरून घरी आल्या आल्या तुमच्या लेकानं कपाटातून डबा काढला. रायफल ठाण्यात जमा आहे, पण दुर्बीण घरात होती, मीच पुसून ठेवलेली. तो म्हणाला, वारसाचं लायसन काढतो, अर्ज लिहून देणारा माणूस बघितलाय. मग ओट्यावर बसून देवळाच्या कळसाकडं बघितलं. "आयला, लई जवळ येतंय. कळसावरची चिमनी दिसती." कडं चोवीसवर होतं. मी बघितलं. तुम्ही जिथं ठेवलं होतं तिथंच.

मग त्यानं मला विचारलं, "काय गं, त्या दिवशी खरंच लई मोटं हुतं का डुक्कर?"

मी म्हणाले, "उद्या सांजच्याला माळ्यावर चढा. दुर्बीन घिऊन. सूर्य बुडला की उसाच्या कडंला बगा."

"कशाला?"

"बगा तर खरं. मी तवर पल्याड जनावरांचा घास कापून येते."

काल मी तुमची काळी घोंगडी घेतली. दहा दिवस खुंटीला होती, तंबाखूचा वास अजून आहे तिला. डोक्यावरून खोळ घेतली, विळा घेतला आणि कडूबाई जिथं वाकली होती तिथं जाऊन वाकले. सूर्य बुडाला. मी गवत कापत राहिले. पाठीला काहीतरी टोचत होतं. काही नव्हतं, बंदूक तर ठाण्यात होती, नुसती काच माझ्याकडं वळली होती. तरी पाठ टोचत होती. कडूबाईला त्या दिवशी एवढंही टोचलं नव्हतं.

माळ्यावरून तुमचा लेक ओरडला, "अगं ए! कुटं हायस तू? घासाकडंच थांब! उसापाशी कायतरी हाय!"

मी विळा चालवत राहिले.

"काळं हाय गं! हलतंय! क्यास दिसत्यात! आईच्यान, डुक्करच हाय! पळ तू, घराकडं पळ!"

मी माझ्या आयुष्यात कधी एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते. मी ओरडले, "कडं मागं फिरवा! पार सहावर आना!"

मग मी उभी राहिले, घोंगडी खांद्यावर पडू दिली आणि माळ्याकडं तोंड केलं.

तो खाली उतरला. साठ पावलं चालत आला, दुर्बीण छातीशी धरून. माझ्यापुढं उभा राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी कोन हुतं?"

"कडूबाई."

तो बांधावर बसला. तुमच्यासारखाच बसतो, एक गुडघा वर करून. थोड्या वेळानं म्हणाला, "आन तू तीन वर्सं…" मग म्हणाला, "तिला आपुन कसं सांगायचं?"

"तुमी न्हाई. मी सांगीन."

आज सकाळी ती गवताला आली. तुमच्या फोटोपुढं फूल ठेवलं, रोज ठेवते तसं. मी तिला चुलीपाशी बसवलं आणि सांगितलं. सगळं. मधे थांबले नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. हातातला चहा निवला.

मग म्हणाली, "म्हंजी ते रेड्याएवडं डुक्कर म्हंजी मी व्हय गं?"

मी मान हलवली.

"वीतभर सुळ्याचं?"

आम्ही दोघी हसलो, मामा. तुमच्या घरात, तुमच्या दुखवट्यात. मग तिचं हसणं बदललं आणि तिनं माझा हात धरला, नळीखाली घातलेला तोच. ती म्हणाली, "आन म्या त्या बाबाला च्या पाजत हुते." उठून फोटोपाशी गेली. मला वाटलं फूल उचलेल. तिनं नाही उचललं. फोटोकडं बघून म्हणाली, "तात्या, तुमी निदान शेळीची तरी लाज धरायची हुती." आणि भारा न घेताच गेली.

चारची दुर्बीण मी धान्याच्या कोठीमागून काढली आहे. काच पुसली. तुमच्या लेकानं ती हातात घेऊन उसाच्या कडेला बघितलं आणि म्हणाला, "समदं दिसतंय." लायसन मिळालं तर हीच लावीन म्हणाला. मोठी मी डब्यात घालून ठेवली आहे. तिला भुरा धरला तर धरू दे.

तेराव्याला माणसं परत जमतील. चेअरमन परत ती गोष्ट सांगतील. मी बायकांत बसेन, कडूबाईच्या शेजारी. त्यांनी सांगितलं की तुमचा नेम एकदाच चुकला, तर मी उभी राहणार आहे. आवाज बारीक येईल, पण येईल. तिथं काय बोलायचं ते आताच लिहून ठेवते, म्हणजे आयत्या वेळी विसरणार नाही.

तात्यांचा नेम त्या दिवशी चुकला नव्हता. नळी सरळ कडूबाईच्या पाठीवर होती. मी चुकवला.